वरातीचे ठसे

फार पूर्वी, म्हणजे बायका लुगडं घेताना आधी काठ बघायच्या, मग पदर बघायच्या आणि भाव सगळ्यात शेवटी विचारायच्या, त्या काळी एका नदीकाठच्या गावात एक ठसेवाली राहत होती. तिचं नाव राही.

ठसेवाली म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर मध्येच विचाराल आणि गोष्टीचा विचका होईल. राही शिसवी लाकडाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरायची. तो ठोकळा रंगावर टेकवायचा, कापडावर ठेवायचा आणि वरून मुठीने एक दणका द्यायचा, की नक्षी कापडावर उमटली. एका ठशाने नुसत्या रेघा, दुसऱ्याने लाल रंग, तिसऱ्याने पिवळा. तिन्ही एकाच जागी नेमके बसले तर चित्र देखणं, आणि केसभर सरकले तर कपाळाचं कुंकू थेट गालावर. गंमत अशी की ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं. कापडावर घोडा उजवीकडे जायला हवा असेल, तर लाकडावर तो डावीकडे जाणारा कोरायचा. त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. तुम्हीही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

राहीचे वडील आबा. तेही ठसेकरीच. एके काळी त्यांच्या हाताला पंचक्रोशीत तोड नव्हती. त्यांनी कोरलेल्या मोगऱ्याच्या कळ्या कापडावर उमटल्या की बायका म्हणायच्या, आता भुंगा येईल. भुंगा कधी आला नाही, पण बायका म्हणायच्या खऱ्या.

आबांना एक खोड होती. गिऱ्हाईक छापलेलं कापड न्यायला यायचं आणि जाता जाता सहज म्हणायचं, "आबा, ते ठसेही देता का?" की आबांचे हात आपोआप जोडले जायचे. "आपलंच आहे, घेऊन जा," असं ते म्हणायचे. नाही म्हणायची वेळ आली की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. गिऱ्हाईक ठसे न्यायचं, आबांना देवमाणूस म्हणायचं आणि पुन्हा काही त्या घराची पायरी चढायचं नाही. चढायचं कशाला? ठसे हातात आले, की कुणाकडूनही छापून घेता येतं.

असं करता करता आबांची ठशांची फळी रिकामी झाली. हात थरथरायला लागले तेव्हा त्या फळीवर एक पणती आणि एक मिठाची बरणी उरली होती. गाव आबांचं कौतुक करत राहिलं. राही त्या घरात वाढली आणि नुसत्या कौतुकाला फोडणी देता येत नाही, हे तिला फार लवकर कळलं.

मोठी झाल्यावर राहीने ती फळी पुन्हा भरायला घेतली. पहिली दोन वर्षं लहानसहान नक्ष्या, बाळांच्या दुपट्यांसाठी पोपट, खणांसाठी वेलबुट्टी. तिसरं वर्ष तिने एकाच कामाला दिलं. तिने वरात कोरली. लग्नाच्या लुगड्याचा काठ भरून वरात! घोड्यावर नवरदेव, पुढे सनईवाला आणि ताशेवाला, मागे रुखवताच्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या करवल्या, आणि सगळ्यांत मागे आमंत्रण नसताना आलेलं एक कुत्रं. पदरावर केळीच्या खांबांचा मांडव. लुगडं नेसलं की वरात काठावरून चालत चालत बरोबर मांडवापाशी यायची. त्या एका नक्षीला पाच ठसे लागले. रेघांचा, लाल रंगाचा, पिवळ्या रंगाचा, मांडवाचा आणि काठाच्या कडेला ठिपके उमटवणारा. यातला ठिपक्यांचा ठसा ती आपल्या सगळ्याच कामात वापरायची.

ही वरात बघितली आणि नदीपलीकडच्या पेठेतले लहानूशेट खूश झाले. लहानूशेट म्हणजे कापडाचे मोठे व्यापारी. नाव सोडलं तर त्यांच्यात लहान असं काही नव्हतं. माणूस व्यवहाराला चोख, बोलायला मोठ्याने आणि घाईत इतका, की जेवताना ताटातली भाजी संपायच्या आत ताकाची वाटी तोंडाला लावणार. त्यांनी पांढरं कापड पाठवलं, चाळीस लुगडी छापायला सांगितली आणि श्रावणात माल न्यायला स्वतः गाडी घेऊन आले.

लुगडी उलगडून बघितली. डोळे भरून बघितली. रोख पैसे मोजले. मग धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "वा! हं, आता ते ठसेही गोणपाटात बांध आणि गाडीत टाक."

राहीने पैसे पदराला बांधता बांधता वर बघितलं. "ठसे?"

"मग! पैसे मोजले ना मी? माझ्या पैशाने झालेलं काम, ते माझं. पुढच्या वेळी इथवर गाडी हाकायला नको. पेठेत माझे चार छापणारे बसून आहेत, ते छापतील."

ओसरीवर बसलेल्या आबांचे हात जोडले जायला लागले. "आपलंच आ..."

"आबा, तुमचं दूध निवतंय," राही म्हणाली. आबांनी मुकाट्याने भांडं तोंडाला लावलं.

आता राहीची अवस्था बघा. ठसे दिले तर फळी पुन्हा रिकामी. वर्षभराची मेहनत एका गोणपाटात, आणि पुढच्या लग्नसराईला तीच वरात पेठेत छापली जाणार, राहीच्या हाताला काम नाही. नाही म्हटलं तर शेट रागावणार. एवढं मोठं गिऱ्हाईक तिच्याकडे दुसरं नव्हतं. बरं, कापड घेतलं तेव्हा दोघांनीही ठशांचा विषय काढला नव्हता. ती मनात म्हणाली, इथे माझंच चुकलं. पण चुकलं म्हणून वर्ष फुकट घालवायचं?

"शेटजी, तुम्हीही दूध घ्या," ती म्हणाली. "तोवर हिशोब करून सांगते."

ती फळीपाशी गेली. ठशांवरून हात फिरवला. शेटजींचं दूध संपेपर्यंत तिचं ठरलं होतं.

"शेटजी, पैसे तुम्ही लुगड्यांचे मोजले, आणि लुगडी तुमची झाली. ठसे माझं हत्यार आहे. ते विकायचं नाही असं मी म्हणत नाही. पण त्याचा भाव वेगळा. ते माझ्याकडे ठेवलेत तर दर वर्षी सांगाल तेवढी लुगडी छापून देईन, छपाईचे घेईन तेवढेच. ठसेच न्यायचे असतील तर एकशेवीस लुगड्यांच्या छपाईचे पैसे द्या."

शेटजींच्या मिशीला लागलेली साय तशीच राहिली. "किती?"

"एकशेवीस. तुम्ही वर्षाला चाळीस लुगडी छापून घेणार, म्हणजे तीन वर्षांचं माझं काम. ते काम माझ्या दारातून तुमच्या दारात जाणार, त्याचा हा भाव. ठिपक्यांचा ठसा माझ्या सगळ्या कामात लागतो, तो देता येणार नाही. तुमच्यासाठी तसाच नवा कोरून देईन. हे सगळं मी तुमचं कापड घेतानाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, ती चूक माझी. म्हणून तुमच्या माणसांना दोन दिवस येऊन शिकवेन, त्याचं काही घेणार नाही."

"अगं, लाकडाचे पाच ठोकळे ते! चुलीत घातले तर एक भाकरी धड भाजून होणार नाही!"

"सरपण हवं असेल तर मागे बाभळीचं पडलंय शेटजी. ते फुकट न्या."

शेटजी ताडकन उठले. "तुझा बाप देवमाणूस आहे. तू कुणावर गेलीस देव जाणे!" असं म्हणून ते गाडीत बसले आणि बैलांच्या पाठीवर उगाचच एक चाबूक बसला. बिचाऱ्या बैलांचा यात काय दोष? पण रागावलेल्या माणसाला जवळ जो असेल तो पुरतो.

त्यानंतरचे तीन महिने राहीला जड गेले. पेठेतलं काम थांबलं. शेटजींनी चार ठिकाणी बोलून दाखवलं असावं, कारण आणखी दोन व्यापारी यायचे ते आले नाहीत. राही दुपटी छापायची, गोधड्यांच्या खोळी छापायची. घरात भाजी दिवसाआड झाली. शेजारची सखूमावशी कुंपणावरून म्हणायची, "देऊन टाकायचे होते गं. मोठ्या माणसाशी वाकडं घेऊन आपलं काय होतं?" आबा रोज संध्याकाळी फळीकडे बघायचे आणि मग राहीकडे. त्या बघण्याचा अर्थ तिला लागायचा नाही. राहीचं चुकलं असं त्यांना वाटतंय की स्वतःचंच, कोण जाणे.

शेवटी अश्विनात एका सकाळी राहीचा धीर सुटला. खोटं कशाला सांगू, सुटला. तिने पाचही ठसे गोणपाटात बांधले, डोक्यावर घेतले आणि नदीवर गेली. पेठेत जायचं, शेटजींच्या पुढ्यात ठेवायचे आणि म्हणायचं, घ्या, चुकलं माझं, पण काम द्या.

नाव काठाला लागली होती. राही चढली आणि बसली. समोर पेठेतली एक बाई बसली होती, नवंकोरं लुगडं नेसलेली. राहीची नजर सवयीने तिच्या लुगड्याच्या काठावर गेली आणि तिथेच थांबली. काठावर मोगऱ्याच्या कळ्या होत्या. ती नक्षी राहीने लहानपणी आबांच्या मांडीवर बसून बघितली होती. पण दर सात कळ्यांमधली एक अर्धीच होती, मधोमध तुटलेली.

"वहिनी, लुगडं कुठलं हो?" राहीने विचारलं.

"लहानूशेटच्या दुकानातलं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ही नक्षी येते त्यांच्याकडे."

"एक कळी तुटलीय."

बाईने काठ हातात धरून बघितला. "अगंबाई, हो की! आम्हाला वाटायचं ती तशीच असते."

"कोरली कुणी?"

"कोण जाणे. दुकानातलीच असेल," बाई म्हणाली आणि पिशवीतून सुपारी काढायला लागली.

राहीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सगळं आयुष्य ठसे कोरण्यात गेलेला माणूस तिकडे ओसरीवर बसून होता, आणि त्याची कळी इथे मोडक्या अवस्थेत, बिननावाची, लुगड्यालुगड्यावर फिरत होती. नाववाल्याने दोर सोडायला घेतला.

"थांबा दादा, मी उतरते," राही म्हणाली.

घरी येऊन तिने आबांना सगळं सांगितलं. पैशाचं, कामाचं आबांनी काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तुटली? कितवी?"

"डावीकडून तिसरी."

आबांनी अंगठ्याने हवेतच ती कळी चाचपली. मग म्हणाले, "ती नाजूक होती. तिथे लाकडाचा पीळ आडवा आहे. दर पावसाळ्याआधी तेल पाजायला लागतं. मी कधी कुणाला सांगितलं नाही."

"का?"

"कुणी विचारलं नाही गं. फुकट मिळालेल्या वस्तूचं कोण विचारतं!"

राहीने गोणपाट सोडलं, पाचही ठसे पुसले, तेल लावलं आणि फळीवर ठेवले. त्या दिवसापासून सखूमावशी कुंपणावर आली की राही हसून म्हणायची, "मावशी, आज काय भाजी केलीस?" मावशीला इशारा कळला, आणि कधी कधी भाजीही मिळाली.

आता तिकडे पेठेत काय चाललं होतं ते ऐका.

लहानूशेट श्रावणात रागाने निघाले ते या कानाचं त्या कानाला न सांगता थेट एका सुताराकडे. देवघरांचे दरवाजे कोरण्यात त्या सुताराचा हात धरणारा पेठेत कुणी नव्हता. पण त्याने जन्मात कधी ठसा कोरला नव्हता. शेटजींनी राहीने छापलेलं एक लुगडं त्याच्यापुढे पसरलं. "हे जसंच्या तसं लाकडावर उतरव. हुबेहूब पाहिजे. एक रेघ इकडची तिकडे झाली तर याद राख!"

सुतार प्रामाणिक माणूस. त्याने दोन महिने खपून एक रेघ इकडची तिकडे होऊ दिली नाही. घोडा, सनईवाला, करवल्या, ते कुत्रंसुद्धा, सगळं लाकडावर हुबेहूब उतरवलं. शेटजी इतके खूश झाले की त्यांनी सुताराला पागोटं बांधलं. मग ठसे छापणाऱ्यांच्या हाती दिले. पहिला काठ छापून झाला तेव्हा त्या चौघांनी एकमेकांकडे बघितलं. पण शेटजी शेजारी उभे राहून मिशीला पीळ देत होते. त्यांना सांगायची छाती कुणाची? साठ लुगडी छापून झाली. तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई उघडली आणि लुगडी दुकानात दोरीवर लटकली.

पहिलीच एक नवरीची आई आली. काठ बघितला, पदर बघितला, पुन्हा काठ बघितला.

"अहो शेट, हा नवरदेव मांडवाकडे पाठ करून कुठे निघालाय?"

शेटजींनी बघितलं आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. तुम्ही तर ओळखलंच असेल, मघाशी सांगितलं होतं लक्षात ठेवा म्हणून. उलटं कोरायचं ते सुताराने सुलटं कोरलं, त्यामुळे छापताना सगळं उलटलं. मांडव दोन्ही बाजूंनी सारखाच, तो जागच्या जागी उभा. वरात मात्र मांडवाला पाठ दाखवून, सनई वाजवत, थाटामाटात निघून चालली होती! मांडवाजवळ उरलं कोण, तर आमंत्रण नसताना आलेलं ते कुत्रं.

"मानपान कमी पडला वाटतं," दुसरी बाई म्हणाली.

"आमच्या मुलीचं लग्न आहे बाई, असला अपशकुन कोण अंगावर घेईल?" तिसरी म्हणाली.

शेटजींनी घाम पुसत सांगितलं, लुगडं खालचं वर करून नेसा. एका बाईने तसं धरून बघितलं. वरात मांडवाकडे वळली तर नाहीच, उलट डोक्यावर चालायला लागली. त्या दिवशी दुकानात जी हसाहस झाली, ती पेठ पुढे कित्येक लग्नांत आठवून हसत होती.

चौथ्या दिवशी राहीच्या दारात गाडी उभी राहिली. लहानूशेट उतरले. या खेपेला आवाज जरा खाली होता.

"दूध नको," ते बसायच्या आधीच म्हणाले. "पोरी, आधी ऐक. लग्नसराई सुरू झालीय. साठ लुगडी वाया गेली. मला वरात पाहिजे, सरळ चालणारी. काय मागशील ते देतो. बोल."

सखूमावशी कुंपणावर होतीच. ती तोंडाला पदर लावून कुजबुजली, पण तिचं कुजबुजणं पार नदीपर्यंत ऐकू जायचं. "दुप्पट माग गं! तिप्पट माग! आता सापडलाय!"

आबांनी राहीकडे बघितलं. राही हातातली कोरायची पटाशी खाली ठेवून उठली.

"नुसती लुगडी छापून हवीत, की ठसेही न्यायचेत?"

"ठसेही. माझी चार माणसं बसून आहेत, त्यांनाही काम पाहिजे. आणि मला दर वेळी तुझ्या दारात हात पसरायचा नाही. उद्या तू आजारी पडलीस, किंवा दुसऱ्या व्यापाऱ्याला हीच वरात छापून दिलीस, तर मी काय करू?"

"हे तुम्ही श्रावणातच सांगितलं असतंत तर बरं झालं असतं," राही म्हणाली. "तुमचं म्हणणं रास्त आहे. ठसे न्या. ही वरात मी पुन्हा कोरणार नाही, दुसऱ्या कुणासाठी नाही आणि स्वतःसाठीही नाही. भाव एकशेवीस लुगड्यांची छपाई."

शेटजी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. "तोच?"

"तोच."

"अगं, मी अडलेला आहे. वाढवला असतास तरी दिला असता."

"श्रावणात तुम्ही अडलेले नव्हता, तेव्हा हा भाव बरोबर होता. मग तुम्ही अडलात म्हणून आज तो चुकीचा कसा होईल?"

सखूमावशीने कपाळावर हात मारून घेतला. शेटजी मात्र ओसरीवर टेकले. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "दे, आता दूध दे."

"मात्र एक फरक आहे शेटजी," दूध देता देता राही म्हणाली. "शिकवायचे दोन दिवस तेव्हा फुकट होते, कारण तेव्हा चूक माझी होती. आता तुमची आहे. आता त्या दोन दिवसांची मजुरी पडेल."

शेटजी एवढ्या मोठ्याने हसले की दुधाचा ठसका लागला. "पडेल! पडेल! ती साठ लुगडी बघतो तेव्हा वाटतं, मजुरी फार स्वस्त आहे."

आठ दिवसांत राहीने ठिपक्यांचा नवा ठसा कोरला. मग पाचही ठसे गोणपाटात नाही, मऊ धुवट कापडात बांधले आणि पेठेत गेली. दोन दिवस तिथे बसून तिने छापणाऱ्यांना सगळं दाखवलं. कोणता ठसा आधी, कोणता नंतर. प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यात कोरलेली बारीक खाच कुठे जुळवायची, म्हणजे कुंकू कपाळावरच राहील. तेल कधी पाजायचं, आणि करवलीच्या हातातली पाटी नाजूक आहे, तिच्यावर जोर द्यायचा नाही. त्या चौघांनी पोटभर प्रश्न विचारले. मोल देऊन आणलेली वस्तू होती ना!

निघताना राहीने शेवटचं एकदा त्या घोड्यावरून बोट फिरवलं. तिला वाईट वाटलं, का नाही वाटणार? वर्षभर रात्रंदिवस ज्या वरातीबरोबर राहिली ती आज सासरी चालली होती. पण नावेत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला नुसतं वाईटच वाटतंय, लुबाडल्यासारखं वाटत नाहीये.

आलेल्या पैशांतून तिने घरात धान्य भरलं, शिसवाचा एक चांगला ओंडका घेतला आणि सहा महिने दुपटी न छापता निवांत बसून नवी नक्षी कोरली. आणि एक नेम केला. कुणीही कापड घेऊन दारात आलं, की पाणी देण्याआधी ती विचारायची, "नुसतं छापून हवंय, की ठसेही न्यायचेत? दोन्हीचा भाव वेगळा आहे, आत्ताच सांगून ठेवते." पहिल्यांदा लोक दचकायचे. मग त्यांना सवय झाली. काही नुसतं कापड न्यायचे आणि दर वर्षी परत यायचे. काही ठसे न्यायचे, भाव देऊन न्यायचे. दुरावलेले ते दोन व्यापारीही आले. फळीवरची मिठाची बरणी राहीने चुलीपाशी नेऊन ठेवली, कारण फळीवर तिला जागा उरली नव्हती.

वर्ष गेलं. एके दिवशी लहानूशेट पुन्हा आले. नव्या नक्षीसाठी कापड आणलं होतं, त्याचं बोलणं राहीच्या नेमाप्रमाणे पाण्याच्या आधीच झालं. मग त्यांनी काखेतलं एक पुडकं काढलं आणि राहीकडे न देता ओसरीवर आबांपुढे ठेवलं.

आत मोगऱ्याच्या कळ्यांचा ठसा होता. उजवीकडून तिसरी कळी तुटलेली, ठशावर सगळं उलटं ना!

"आबा, वीस वर्षं झाली, तुमच्याकडून नेला होता," शेटजी म्हणाले. "तेव्हा माझे दिवस बरे नव्हते. तुम्ही दिलात आणि मी नेला, मागे वळून बघितलं नाही. आता हा दुरुस्त होईल का?"

आबांनी ठसा उचलला. तुटक्या कळीवरून अंगठा फिरवला. "होईल. त्या जागी नवं लाकूड बसवावं लागेल, पीळ बघून. माझा हात चालत नाही, पण मी सांगेन तसं राही कोरेल."

"मग काय द्यायचं?"

 कुंपणावरची सखूमावशी आणखी पुढे वाकली. आबांचे दोन्ही हात सवयीने जोडले जायला लागले. "आपलंच..."

राही खाली मान घालून कोरत होती. या खेपेला तिने दुधाची आठवण करून दिली नाही.

आबांचे हात मध्येच थांबले. त्यांनी ठशाकडे बघितलं, फळीकडे बघितलं. मग घसा खाकरून म्हणाले, "चार रुपये."

स्वतःच्या तोंडून निघालेल्या शब्दांनी ते स्वतःच दचकले. पण मागे हटले नाहीत. जरा थांबून पुढे म्हणाले, "आणि ते आधी द्यायचे."

राहीच्या हातातली पटाशी घसरली आणि एका पोपटाला नको तिथे चोच फुटली. शेटजींनी तिथल्या तिथे चार रुपये मोजून आबांच्या तळहातावर ठेवले. पंचक्रोशीतले लोक आबांना आजवर देवमाणूस म्हणत आले होते. शेटजी पायऱ्या उतरता उतरता वळले, पागोट्याला हात लावला आणि म्हणाले, "येतो, कारागीर."

आबा संध्याकाळपर्यंत ते चार रुपये मुठीत धरून बसले होते. राहीने जेवायला हाक मारली तर म्हणाले, आलोच, आणि पुन्हा मूठ उघडून बघितली.

तात्पर्य, तुम्ही विचारायच्या आत मीच सांगते: आपण केलेली वस्तू विकणं वेगळं आणि ती वस्तू पुन्हा पुन्हा करण्याचं साधन देऊन टाकणं वेगळं. दोन्हीचा भाव निराळा धरावा, कामाला हात लावण्याआधी तो मोकळेपणाने सांगावा, आणि एकदा सांगितला की समोरच्याची ऐट किंवा अडचण बघून बदलू नये.